प्राध्यापक आंबेडकर आणि परळच्या दोन खोल्या

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. गेल्या एप्रिलमध्ये मंडळातील काही कुटुंबांसह तिथे गेलो होतो. आमच्याबरोबर एक तरुण मित्र होता. इथल्या एका विद्यापीठात तो वर्षावर्षाच्या करारावर शिकवतो; पत्नी आणि लहान मूल अजून नागपुरातच आहेत. जिना उतरताना त्याने विचारले, "दादा, बडोद्याची शिष्यवृत्ती तर अगोदरच संपली होती. मग इथं राहून शिकायला बाबासाहेबांनी पैसे आणले कुठून?"

आपल्या जयंतीच्या भाषणांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात उरकले जाते: 'त्यांनी काही काळ सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली.' त्या एका वाक्यामागे सोळा महिन्यांचा संसार आहे, आणि तो बाबासाहेबांइतकाच रमाईंचाही आहे. म्हणून तो थोडा उलगडून पाहावा असे वाटले.

१९१३ साली बडोदे संस्थानाने बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती तीन वर्षांची. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी १९१५ साली मिळाली. पुढच्या वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. परंतु मुदत संपली, संस्थानाने परत बोलावले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. लंडन विद्यापीठाने एक सवलत मात्र दिली होती: चार वर्षांच्या आत परत आल्यास अर्धवट राहिलेला अभ्यास पुढे चालू ठेवता येईल. बाबासाहेबांच्या पुढील तीन वर्षांच्या प्रत्येक हालचालीमागे ही चार वर्षांची मुदत उभी आहे. ती नजरेआड केली तर त्यांच्या नोकऱ्यांचा अर्थच लागत नाही.

बडोद्यात काय घडले ते त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी मिळाली, पण राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घ्यावा लागला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. अर्थशास्त्राची एम. ए. पदवी, न्यूयॉर्क आणि लंडन येथील चार वर्षांचा अभ्यास, आणि रात्री पाठ टेकायला शहरात एक कोपरा नाही. तेथे जाण्याचे भाडेसुद्धा विलक्षण मार्गाने हाती आले होते. लंडनहून वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके युद्धात पाणतीराने बुडाली आणि त्यांच्या भरपाईचे सहाशे रुपये मिळाले होते. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशावर नोकरीला गेलेला हा माणूस थोड्याच दिवसांत मुंबईस परतला.

मुंबईत परळच्या बी. आय. टी. चाळीत पन्नास आणि एकावन्न क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. त्यांत रमाई, मुलगा यशवंत, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद असे सारे राहत. नळ सामाईक, संडास सामाईक. घरातली एक खोली मात्र पुस्तकांची आणि अभ्यासाची. ती मोकळी ठेवायची म्हणजे बाकीच्यांनी दुसरीत दाटीवाटीने राहायचे, हे उघड आहे. पतीच्या पुस्तकांसाठी घरातील निम्मी जागा सोडून देणाऱ्या या बाईंना आपण 'त्यागमूर्ती' म्हणतो आणि पुढे सरकतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. त्याग एकदा करून मोकळे होता येते. इथे रोजचे नियोजन होते: कोण कुठे झोपणार, कोण किती वाजता उठणार, उद्याचे पीठ कुठून येणार.

बडोद्याहून परतल्यावर काही महिने नुसते हातपाय मारण्यात गेले. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. त्याच १९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी' मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा लेख आणि बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावरील परीक्षण प्रसिद्ध झाले. तुकड्यातुकड्यांच्या शेतीचे दुखणे केवळ जमीन एकत्र करून जाणार नाही, शेतीवरील जादा माणसांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, हा त्या लेखातील विचार आजही अर्थशास्त्राच्या वर्गांत मांडला जातो. तो मांडणाऱ्यालाच तेव्हा काम नव्हते.

अशा वेळी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये ओळख झालेली होती. त्यांना पत्र लिहून शिफारस मिळवली. नोव्हेंबर १९१८ मध्ये नेमणूक झाली, तीही तात्पुरती. पगार दरमहा साडेचारशे रुपये.

आपण त्यांना सवयीने 'डॉक्टर' म्हणतो, परंतु सिडनहॅममध्ये शिकवत होते ते प्रा. आंबेडकर, एम. ए. कोलंबियाचा प्रबंध तयार होता, पण तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावाचून पीएच. डी. मिळत नसे. ते पुस्तक निघायला १९२५ उजाडले आणि पदवी मिळाली १९२७ साली. प्रबंध लिहून होणे आणि नावामागे पदवी लागणे यांत किती वर्षांचे अंतर पडू शकते, हे आपल्यातल्या संशोधकांना निराळे सांगायला नको.

कॉलेजातले पहिले दिवस अवघड गेले. हा माणूस काय शिकवणार, अशा नजरेने विद्यार्थी पाहत. मग व्याख्याने रंगू लागली. विषयाची तयारी एवढी कसून केलेली असे, की इतर कॉलेजांतील विद्यार्थीही परवानगी काढून वर्गात येऊन बसू लागले. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र निराळे चालले होते. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला या नव्या प्राध्यापकाने हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. बाहेर गर्दी करून ऐकणारे विद्यार्थी आणि आत पाण्यावरून कुरकुर करणारे विद्वान, असे हे चित्र आहे. चवदार तळे अजून आठ-नऊ वर्षे दूर होते. पण पाण्याचा प्रश्न परळहून रोज कॉलेजात जाणाऱ्या या प्राध्यापकाबरोबर होताच.

आता हिशेब पाहू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० हे सोळा महिने. साडेचारशेच्या दराने सारा पगार धरला तरी ७,२०० रुपये होतात. त्यातून दोन खोल्यांतले कुटुंब पोसायचे आणि लंडनसाठी शिल्लकही टाकायची होती. बाबासाहेब पगारातील ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती देत आणि उरलेली लंडनसाठी राखत. साडेचारशे हा त्या काळी मोठाच पगार. प्राध्यापकाच्या पत्नीने जरा मोकळ्या हाताने राहावे, नव्या घराची स्वप्ने पाहावीत, असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले असेल तर नवल नाही. पण चाळ सुटली नाही, खोल्या वाढल्या नाहीत. पगार वाढूनही राहणी होती तिथेच ठेवणे हे गरिबीत दिवस काढण्याहून कठीण असते. आखातात किंवा इथे पहिली काही वर्षे काढून घरी पैसे पाठवलेल्यांना ते पटेल.

याच सोळा महिन्यांत सार्वजनिक कामही उभे राहिले. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. सिडनहॅम हे सरकारी कॉलेज असल्याने संपादक म्हणून बाबासाहेबांना स्वतःचे नाव देता येईना. ते नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागले. दिवसा चलन आणि व्यापार शिकवायचा, रात्री पाक्षिकाचा मजकूर लिहायचा आणि त्यावर आपले नाव येऊ द्यायचे नाही. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली आणि जुलैमध्ये ते बोटीत बसले. शिल्लक पुरणार नव्हतीच. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, छत्रपती शाहू महाराजांनी दीड हजारांची मदत केली. माझ्या मित्राच्या प्रश्नाचे हे उत्तर: पगारातली शिल्लक, एका पारशी मित्राचे कर्ज, एका राजाची मदत आणि रमाईंचा चिमटा घेतलेला घरखर्च. या यादीतील शेवटची रक्कम कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही.

लंडनमधले उपाशीपोटीचे दिवस आपल्याला पाठ आहेत. त्याच काळात परळला काय चालले होते, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. रमाईंचा भाऊ शंकर मिळेल ते काम करून घरात हातभार लावी. आप्तमित्रांकडून मदत येई; ती घेण्यातही रमाईंना संकोच होई. लंडनहून पत्र यायचे ते पैशांची सोय घेऊन नव्हे, तर ओढाताणीची हकिकत घेऊन. १९२१ मध्ये एम. एससी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. त्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर झाला आणि परीक्षकांनी तो फिरवून लिहिण्यास सांगितले. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना झोंबली होती. लंडनमध्ये आणखी राहण्याइतके पैसे नव्हते. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब परतले आणि तो प्रबंध त्यांनी मुंबईत, संसाराच्या गलबल्यात, मूळ निष्कर्षांना हात न लावता पुन्हा लिहून पाठवला. नोव्हेंबरमध्ये डी. एससी. मिळाली. अर्थशास्त्राच्या त्या प्रख्यात ग्रंथाचे शेवटचे संस्करण असे घरी झाले आहे.

पुढे अध्यापन सुटले नाही, पण ते पोटापाण्याच्या तुकड्यांसारखे होत राहिले. नव्या बॅरिस्टराला पक्षकार सहज मिळत नव्हते. म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तास घेतले. त्याच अवधीत, जुलै १९२६ मध्ये, धाकटा राजरत्न गेला. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. उरला एकटा यशवंत. राजरत्न गेल्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेब पूर्णपणे खचलेले दिसतात. रमाईंनी कुणाला पत्र लिहिल्याचे आपल्याला ठाऊक नाही. त्या दिवसांतही तास घ्यायला जावे लागले असेल आणि त्या तासांच्या पैशावरच घर चालले असेल. यापलीकडे या प्रसंगाविषयी बोलणे मला जमत नाही.

१९२८-२९ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात काही काळ त्यांनी अर्धवेळ शिकवले. दरम्यान पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' उभे राहिले आणि कुटुंब चाळीतून तिकडे गेले. अखेर हवेशीर खोल्या आल्या तेव्हा रमाईंची प्रकृती ढासळलेली होती. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जूनच्या प्रारंभी, बाबासाहेबांनी त्याच विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची सूत्रे घेतली. ज्या शहरात प्राध्यापकाला पाण्याच्या भांड्यावरून अडवले गेले, त्या शहरातील सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्यपद. ते पाहायला ती दोन खोल्यांची मालकीण नव्हती.

प्राचार्यपद त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळले. येवल्याची घोषणा याच काळातली, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' याच काळातले. त्याच वेळी ते कॉलेजच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाची सुधारणा कशी व्हावी यावर शांतपणे लेख लिहीत होते, हे मला फार भावते. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या राजकीय ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी रमाईंच्या नावे लिहिली. त्या चार-सहा ओळींत पाकिस्तानचा उल्लेखही नाही. मित्र नसलेल्या, ददात असलेल्या दिवसांची आठवण आहे. एवढ्या वर्षांनी त्यांनी ते दिवस नेमके आठवले.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, ते लष्कराच्या जुन्या बराकींत. तास सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता येईल. हा निर्णय ज्याने पगार आणि अभ्यास यांची तारेवरची कसरत केली आहे, त्यालाच सुचू शकतो. माझे वडील त्या सकाळच्या तासांचे विद्यार्थी. पहाटे आजी भाकरी थापून द्यायची, ते पहिल्या गाडीने कॉलेज गाठायचे आणि तास आटोपून पोस्टाच्या कचेरीत हजर व्हायचे. पहिल्या पगारातले किती कॉलेजच्या फीला आणि किती घरात, हे आजीने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले होते, असे ते सांगत.