साडेपाच नंबर

"हा चश्मा होय का टीव्ही?"

"दोन्ही होय, काकाजी," पोरगा म्हणतो आणि डबी काउंटरवर ठेवतो.

बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्यात आज बाजार आहे. बाहेरची माणसं इथं येतात ती बहुतेक बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहायला. मी मात्र या चष्म्याच्या दुकानात अडकलो आहे, कारण माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बिरसोला आणि हट्टा रोड या स्टेशनांच्या मध्ये कुठंतरी गाडीतच पडला. दुकानदार स्क्रू शोधतो आहे, पण डबी उघडल्यावर त्याचं माझ्यावरचं लक्ष उडतं. माझंही.

आत काळा, जाडसर चष्मा आहे. दांडीतून निघणारी वायर मोबाइलला जोडली की डोळ्यांसमोर पडदा उभा राहतो आणि त्याच्या आरपार दुकानही दिसत राहतं. यालाच ऑग्मेंटेड रिॲलिटी म्हणतात. पोरगा याच गावचा, नोकरीला हैदराबादेत. भिंगाच्या वर, कपाळापाशी, नखाएवढे दोन पडदे आहेत. त्यांचं चित्र अर्धपारदर्शक आरशावर आपटून डोळ्यांत येतं. पण पोराला ते दिसत नाही. त्याचा नंबर मायनस साडेपाच. चष्मा काढला की १८ सेंटीमीटरच्या पलीकडचं सगळं त्याला धूसर, आणि नेहमीच्या चष्म्यावर हा दुसरा चष्मा नीट बसत नाही. म्हणून कंपनीनं सोबत नाकापाशी अडकवायची एक छोटी चौकट दिली आहे. तिच्यात सध्या बिननंबरी प्लास्टिकच्या काचा आहेत. त्या काढून नंबराच्या बसवायच्या.

"होईन का?"

"पाहू दे ना बापा." दुकानदार एक काच काढून उजेडात धरतो. तिच्या कडेवरून बोट फिरवतो. "फर्मा तं बरा हाये."

तेवढ्यात एक म्हातारी आत येते. तिला जवळचा चष्मा हवा आहे. दुकानदार पहिला प्रश्न नंबराचा विचारत नाही.

"काम किती दूरचं हाये, मायबाई?"

म्हातारी मांडीएवढ्या उंचीवर हात धरून दाखवते. सूप. चिन्नोर निवडायचा असतो. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण दाणा बारीक तो बारीकच, खडा ओळखू येत नाही. दुकानदार तिच्या मांडीपासून डोळ्यांपर्यंत नजरेनंच अंतर मोजतो आणि ट्रायल सेटमधून भिंग उचलतो.

हाच प्रश्न मग तो पोराला विचारतो. पोरगा गोंधळतो. पडदा तर नाकासमोर आहे!

"कंपनी म्हणते, चार मीटर."

हे खरं आहे. पडदा डोळ्यापासून दोन बोटांवर असला तरी मधली भिंगं आणि आरसे त्याच्या किरणांना असं वळण देतात, की डोळ्याला तो चार मीटरवरचा वाटतो. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सनं हे अंतर सुमारे दोन मीटरवर बांधलं होतं. अशा चष्म्याची रचना करणारा माणूस असं एक अंतर ठरवतो आणि नजरेला त्या अंतराशी जुळवून घ्यावं लागतं. चार मीटर म्हणजे पाव नंबर, कारण एक भागिले चार. तेव्हा नुसत्या पडद्यासाठी सव्वापाचही चालावा.

दुकानदार पोराला ती चौकट घालायला लावतो, बाजूला जाऊन कानाच्या बाजूनं बघतो. "तुह्या रोजच्या चश्म्यापेक्षा थोडी पुढं हाये." साधारण पाच मिलिमीटर असेल. मायनसची काच डोळ्यापासून पुढं सरकली की तिचा जोर कमी पडतो. मी पावतीच्या मागच्या बाजूला हिशेब करतो: पाच मिलिमीटरसाठी ५.५० चे ५.६६ लागतात. त्यातून पडद्याचा पाव वजा केला की ५.४१. काचा पाव-पाव नंबरानं मिळतात, सगळ्यात जवळचा साडेपाचच. नंबर नऊ असता तर याच पाच मिलिमीटरला जवळजवळ अर्धा नंबर वाढवावा लागला असता.

मी पावती पुढं करतो. दुकानदार तिच्याकडं बघतही नाही. त्यानं ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून पोराच्या हातात यंत्र धरायला दिलं आहे. डोळा लांब गेल्यामुळं पडद्याचे कोपरे कापले जातात, पण मधली अक्षरं वाचता येतात. सव्वापाच, साडेपाच, पुन्हा सव्वापाच.

"साडेपाचच बरा," पोरगा म्हणतो. "आन् तुम्ही बी नीट दिसता."

"मंग राहू दे."

आता खरी गोम. दुकानदार पोराच्या समोर बसतो, पट्टी नाकावर टेकवतो, स्वतःचा एक डोळा मिटतो, मग दुसरा. दोन बाहुल्यांमधलं अंतर ६०. मग पट्टी चौकटीवर: दोन काचांच्या मधोमध ते मधोमध ६६. नंबराची काच फर्म्याच्या, म्हणजे त्या बिननंबरी काचेच्या, बरोब्बर मध्यावर बसवली, तर प्रत्येक डोळा भिंगाच्या केंद्रापासून तीन मिलिमीटर आत पाहील. साडेपाच नंबराला हे तीन मिलिमीटर म्हणजे एका डोळ्याला १.६५ प्रिझम, म्हणजे नजर बाजूला ओढणारा जोर, दोन्ही मिळून ३.३. आणि तेही वाईट दिशेला. आपले डोळे आत वळायला एका पायावर तयार असतात, बाहेर वळायची त्यांना सवयच नाही. पडदा स्वच्छ दिसला असता आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकलं असतं. दोष मात्र यंत्रावर गेला असता.

दुकानदार प्रिझम हा शब्द उच्चारत नाही. तो फर्म्यावर मधल्या रेघेच्या आत, नाकाच्या बाजूला, तीन मिलिमीटरवर मार्करनं टिंब देतो. लेन्सोमीटरवर काचेचं केंद्र सापडेल ते या टिंबावर आणायचं, मग चाकावर घासायचं.

इकडं म्हातारीला यंत्राचं कुतूहल अनावर झालं आहे. पोरगा हसत ते तिच्या डोळ्यांवर चढवतो. मोबाइलवर कुठलंसं गाणं लागलेलं आहे.

"अगं माय! साफ दिसते!"

दिसणारच. तिची लांबची नजर शाबूत आहे आणि पडदा चार मीटरवर आहे. ज्याच्या पैशानं यंत्र आलं त्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही, आणि जिला दाणा दिसत नाही ती गाण्यातल्या बाईचे दागिने मोजते आहे. मग ती खाली स्वतःच्या तळहाताकडं बघते आणि यंत्र परत करते. "याच्यानं तांदूळ तं नाई निवडता येत."

जाडीचा प्रश्न उरतो. मायनसची काच कडेला जाड होते, आणि ही कड पुढच्या आरशाला टेकली तर चौकट बसणारच नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत आलेल्या मेटा रे-बॅन डिस्प्ले या पडद्याच्या चष्म्यात नंबराची काच आधीच बसवलेली येते, पण त्यांनी मायनस चार ते प्लस चार अशी हद्द आखली. या पोराला तिथं दारच बंद. दुकानात १.५६ अपवर्तनांकाची काच आहे, ती नको; जाड होईल. १.६७ ची पातळ असते, पण ती नागपूरहून मागवावी लागेल.

दुकानदार वहीत लिहितो: ५.५०, १.६७, पीडी ६०. फर्मा लिफाफ्यात टाकतो. अॅडव्हान्स घेतो. मग माझ्या दांडीत स्क्रू पिळता पिळता पोराला सांगतो, "येत्या बाजारी ये. सोता ये, भावाला धाडू नोको. फिटिंग नाकावरच होते."