गांजाचा कायदा आणि गल्ल्याचं गणित

अमेरिकेत गांजा कायदेशीर करण्यावरच्या मतदानाचा प्रचार सुरू झाला की एक बाजू आरोग्याचं नाव घेते आणि दुसरी स्वातंत्र्याचं. व्यसनाचा धोका खरा आहे, आणि किरकोळ गांजापायी तुरुंगात गेलेल्यांचं नुकसानही खरं आहे. पण प्रचाराचा खर्च कोण उचलतं हे पाहिलं की काही पक्के समज डळमळतात.

गैरसमज : विरोधकांना फक्त लोकांच्या आरोग्याची चिंता असते.

वस्तुस्थिती : 2016 मध्ये गांजाला मुभा देण्याच्या ॲरिझोनातल्या प्रस्तावाविरुद्ध इन्सिस थेरप्युटिक्स या औषध कंपनीने 5 लाख डॉलर दिले. ही कंपनी फेंटानिल या जहाल वेदनाशामकाचा फवारा विकायची. शिवाय गांजातल्या टीएचसी या घटकाचं प्रयोगशाळेत तयार केलेलं औषधही तिला विकायचं होतं. प्रस्ताव थोडक्यात पडला. पुढे फवारा खपवण्यासाठी डॉक्टरांना लाच दिल्याच्या खटल्यात कंपनीचा संस्थापक जॉन कपूर दोषी ठरला आणि 2020 मध्ये त्याला साडेपाच वर्षांची कैद झाली.

गैरसमज : गांजा पिकवणाऱ्यांना मुभा हवीच असते.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियातले हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी हे जिल्हे गांजाच्या शेतीसाठी प्रसिद्ध. 2010 च्या मतदानात या तिन्ही जिल्ह्यांनी मुभेच्या विरोधात कौल दिला. भाव कोसळतील आणि बड्या कंपन्या धंदा गिळतील, अशी तिथल्या अनेक उत्पादकांना धास्ती होती.

गैरसमज : दारूवाले गांजाचे कायमचे वैरी.

वस्तुस्थिती : त्याच मतदानात कॅलिफोर्नियातल्या बिअर वितरकांच्या संघटनेने विरोधी प्रचाराला 10 हजार डॉलर दिले होते. मात्र 2018 मध्ये अमेरिकेत कोरोना बिअर विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनडातल्या कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीत सुमारे 400 कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. त्याच वर्षी कॅनडाने गांजा देशभर कायदेशीर केला.

गैरसमज : मुभा मागणारे सगळे लोकहितासाठी झटतात.

वस्तुस्थिती : ओहायोतल्या 2015 च्या प्रस्तावात व्यापारी लागवडीसाठी फक्त दहा जागा ठरवून दिल्या होत्या, आणि त्या होत्या प्रचाराला पैसा पुरवणाऱ्या गुंतवणूकदारांच्या. महाविद्यालयांच्या आवारात गांजाच्या बोंडाचं डोकं असलेला ‘बडी’ नावाचा बाहुला फिरवला गेला. मतदारांनी ही मक्तेदारी साफ नाकारली. फ्लोरिडात 2024 मध्ये ट्रूलिव्ह या एकाच गांजा कंपनीने प्रचारात 14 कोटी डॉलरांहून अधिक ओतले. प्रस्तावाला सुमारे 56 टक्के मतं पडली, पण 60 टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही.

गैरसमज : गांजाच्या करातून सरकारी तिजोरी भरतच राहते.

वस्तुस्थिती : कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 पासून खुली विक्री सुरू झाली. करातून शाळांच्या इमारतींना पैसा मिळाला, हे खरं. पण 2021 नंतर ही वसुली घसरत गेली, आणि राज्याच्या अंदाजपत्रकात तिचा वाटा छोटाच राहिला.

अमेरिकेतल्या राज्यांत अशा प्रचाराला देणग्या देणाऱ्यांची नावं जाहीर करावी लागतात. गांजाच्या बाजूने वा विरोधात मत बनवण्याआधी वाचकाने ती यादी जरूर पाहावी.