घरच्या ध्वनिमुद्रणातील मेळ

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यात गावयाचे, आणि साथ कमीअधिक करावयाची तर वादकांनी भोंग्याजवळ अथवा दूर बसावयाचे, हेच त्या काळचे मिक्सिंग. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले; पुढे प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर घेऊन मागाहून जुळविण्याची सोय झाली, आणि आज ती घरच्या संगणकात येऊन बसली आहे. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला. पुढे कोणी बसावे आणि मागे कोणी?

समजा, घरी आजी भजन म्हणत आहेत, चिरंजीवांनी पेटी धरली आहे आणि शेजारचे कोणी तबल्यास बसले आहेत. प्रत्येकासमोर वेगळा मायक्रोफोन आहे. मुद्रण झाल्यावर ऐकावे, तो आजींचे शब्द कळत नाहीत आणि पेटी अंगावर येते. नवखा मनुष्य अशा वेळी गळ्याचा आवाज वाढवितो. मग तबला दबतो, म्हणून तबला वाढवितो; पाठोपाठ पेटी. ह्या चढाओढीचा शेवट एकच : आवाज फाटतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, वाढविण्यापूर्वी कमी करून पाहावे. सर्व ट्रॅक खाली आणून आधी फक्त गळा घ्यावा, मग तबला, आणि शेवटी पेटी. पेटी शब्दांवर चढू लागली की किंचित मागे यावे. एकत्रित आवाजाचा सर्वांत मोठा क्षणदेखील शून्य डेसिबेलच्या खाली सहाएक डेसिबेल राहू द्यावा. निम्मे काम एवढ्यानेच होते.

उरलेल्या कामासाठी इक्वलायझर. तो सबंध आवाज लहानमोठा करीत नाही. त्यातील निवडक भागाचे प्रमाण बदलतो. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. आजींची पट्टी काळी तीन धरली, तर त्यांच्या मध्य षड्जाची मूळ कंपने सुमारे १८५. परंतु त्याच स्वरात ३७०, ५५५ अशी चढती उपकंपनेही असतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरून आपण आवाज ओळखतो. पेटीही त्याच पट्टीत वाजत असल्याने तिची कंपने नेमकी त्याच जागी येतात. एका बाकावर दोघे बसले, तर एकाने थोडे सरकावयास हवे. आणि सरकावयाचे ते साथीने, गायकाने नव्हे.

म्हणून २०० ते ४०० कंपनांच्या भागात पेटी दोनतीन डेसिबेल उतरवावी. दाटलेपणा कमी होतो. शब्दांतील व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा २,००० ते ४,००० च्या भागात असतो. तेथेही पेटीला थोडे मागे घ्यावे. गळ्याला हात न लावता गळा मोकळा होतो! त्याच्या ट्रॅकमधून ८० च्या खालचा भाग काढून टाकण्यास हरकत नाही. ह्या पट्टीतील मंद्र पंचम १३९ च्या आसपास आहे. त्यामुळे जाते ती पंख्याची घरघर, गाणे नव्हे. परंतु तीच कात्री डग्ग्यावर चालविली, तर त्याचा घुमारा जाईल. एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये.

आता कानाविषयी. फ्लेचर आणि मन्सन ह्या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असता कानाला खर्जाचे स्वर प्रत्यक्षाहून अधिक क्षीण वाटतात. आवाज मोठा केला की ते भरू लागतात. मोठ्याने लावलेले मुद्रण चांगले वाटते, ते पुष्कळदा ह्याच कारणाने. तेव्हा केलेला बदल पारखताना आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच मोठा ठेवावा. गप्पा मारताना ऐकू येईल इतक्या बेताच्या आवाजात काम करावे, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा ऐकावे. तेच मुद्रण टेलिफोनच्या लहान कर्ण्यावरही लावून पाहावे. तेथे डग्गा लोपला तरी हरकत नाही; शब्द मात्र लोपता कामा नयेत.

कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ मुद्रणाची प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवावी. मिश्रण पुन्हा करता येते. आजींचे गाणे पुन्हा मिळेलच असे नाही. त्यांचा श्वास, कंप पावणारा षड्ज, दोन ओळींमधले थांबणे हे दोष समजून पुसून टाकले, तर स्वच्छ आवाज उरेल, पण आजी राहणार नाहीत. वीस वर्षांनी नातवंडांनी हे मुद्रण लावले आणि पहिल्याच शब्दाला आजींचा गळा ओळखला, म्हणजे मेळ बरोबर बसला असे समजावे.