वळूचा स्वभाव आणि गोऱ्ह्याचें अंग

आमच्या नेरच्या बाजूस बैल पाहावयास निघालेला शेतकरी प्रथम दांत पाहतो, नंतर खूर आणि शेवटीं कपाळावरचा भोंवरा. भोंवऱ्यावरून शुभाशुभ ठरविणें हा भाबडेपणा होय, असें मीं शाळेंत मुलांना अनेक वर्षें सांगितलें. पुढें वाचनांत आलें कीं, अमेरिकेंत टेंपल ग्रँडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं एक तपासणी प्रसिद्ध केली. तींत ज्यांचा भोंवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, तीं जनावरें खोड्यांत धरलीं असतां इतरांहून अधिक बिथरलीं. एवढ्यावरून बैलाची किंमत ठरवावी असें मी म्हणत नाहीं. पण माझा जुना धडा मला थोडा मागें घ्यावा लागला.

त्या देशांत हीं जनावरें मांसाकरितां वाढवितात, म्हणून वारंवार तोलतात. तेथें असें आढळलें कीं, खोड्यांतून सुटतांच जें धूम ठोकतें, तें शांत जनावराच्या मानानें अंग कमी धरतें. भयाच्या वेळीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा रस रक्तांत उतरतो, आणि जी शक्ति अंगीं लागावयाची ती पळण्याच्या तयारींत खर्च होते. भय नित्याचें झालें कीं रोगाशीं झगडण्याचें बळहि ओसरतें; लस हवी तशी लागू पडत नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलाच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. आपणांस हवा असतो तो त्याचा खांदा. पण भयाचा हिशेब तोच.

हा बुजरेपणा कांहीं अंशीं वंशांतून उतरतो. वर्धा-नागपुराकडील गवळाऊ जात मराठ्यांनीं फौजेच्या जलद वाहतुकीसाठीं घडविली असें मानतात. तिच्या पायांत वेग आहे. परंतु वेग निराळा आणि बुजरेपणा निराळा, हें मला उशिरां कळलें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मीं आर्वीकडून एक देखणा गवळाऊ गोऱ्हा आणला. त्याच्याजवळ कोणास जातां येत नसे. मीं त्यासच तेज समजलों आणि न बडवितां गाईंसाठीं राखला. त्याचे गोऱ्हे तसेच निघाले. कुटार तेंच, ढेप तीच, पण शेजाऱ्याचे गोऱ्हे जुवाखालीं आले तेव्हां माझ्यांच्या बरगड्या मोजतां येत होत्या. त्यांतील एक लस टोंचण्याच्या दिवशीं दावें तोडून पळाला आणि विहिरींत पडून मेला.

सगळा दोष वळूचा नव्हता. आमचा गडी तुतारीची आर फार चालवी, आणि मी पाहून न पाहिल्यासारखें करीं. त्यानंतरचीं वासरें पत्नीनें पहिल्या आठवड्यापासून हातानें चारलीं, खरारा केला. तीं पुष्कळ निवळलीं, तरी पुरतीं नाहींत.

आतां वळू डोळ्यांनीं दिसतच नाहीं, रेताची कांडी येते. लोक त्याच्या आईचें दूध विचारतात. ती दोहतांना लाथ मारीत होती काय, आणि त्याच्या लेकी दावणीस कशा उभ्या राहतात, हेंहि विचारावें.