कॉर्डच्या तोंडावरची खाच

संगणकाच्या मागची काळी पॉवर कॉर्ड काढून उजेडात धरा. तोंडाजवळ प्लास्टिकमध्येच उठवलेली बारीक अक्षरं दिसतील: १० अँपिअर, २५० व्होल्ट. वायरीवर बहुधा ३ × ०.७५ चौरस मिलिमीटर असं छापलेलं असतं. आतल्या तीन तारांची ती जाडी. हे वाचल्याशिवाय कुठलीही कॉर्ड कुठेही खुपसू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

या तोंडाचं नाव सी-१३. आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकात कॉर्डच्या तोंडाला विषम आकडा आणि ते यंत्रावर ज्यात बसतं त्याला पुढचा सम आकडा असतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरला तीन पाकळ्यांचं सी-५, अडीच अँपिअरचं. मोठ्या सर्व्हरला सी-१९ लागतं, १६ अँपिअरचं. सी-१३ची भोकं उभी, तर सी-१९ची आडवी.

आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत ते उष्णतेमुळे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पिन सैल झाली आणि तिथला रोध दशांश ओम झाला, तर १० अँपिअरला १० वॅट उष्णता निघते, १६ अँपिअरला २५ वॅटच्या वर. रेडिओ दुरुस्तीचं छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावरच चालतं!

सी-१५ तर हुबेहूब सी-१३सारखंच दिसतं, फक्त एका कडेला खाच. ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली पिन सोसतं, सी-१३ ७० अंशांपर्यंतच. म्हणून किटलीची कॉर्ड संगणकाला चालते, पण संगणकाची कॉर्ड किटलीत शिरतच नाही. ती चाकूने तासून बसवणारे हात मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. ती खाच तुमच्यासाठीच ठेवलेली आहे.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो दुसऱ्या टोकाला. १६ अँपिअरचा पॉइंट जवळ नाही म्हणून जाड कॉर्डचा मोठा टॉप कापतात आणि ६ अँपिअरचा लावतात. मग पुढचं सी-१९ कितीही दणकट असलं तरी अख्खी कॉर्ड ६ अँपिअरचीच, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटची. घरच्या साध्या संगणकाला एवढं पुरून उरतं. पण १६०० वॅटचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराला सात अँपिअरच्या वर ओढतो. असं यंत्र तासभर चाललं, की टॉपला हात लावून पाहा. चटका बसला, तर यंत्र बंद करा आणि वायरमनला बोलावून १६चा पॉइंट काढून घ्या.