मेण गेलं, साचा गेला

साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही. तमिळनाडूत कुंभकोणमच्या पश्चिमेला, कावेरीच्या खोऱ्यात वसलेल्या स्वामीमलैतलं पारंपरिक ओतकाम या एका गोष्टीवर उभं आहे. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र कढवून स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आधी मेणाचा देव घडवतो. मापासाठी नारळाच्या पातीला घड्या घालतो. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, बाकीचं शरीर त्या हिशेबाने. मग कावेरीच्या गाळाचा पहिला पातळ थर. ही माती इतकी मऊ, की मेणातली पैंजणाची घुंगरंसुद्धा तिच्यात उमटतात. त्यावर जाड माती, तारांचे वेढे, वाळवण आणि आच. मेण वितळून निघून जातं, पोकळीत धातूचा रस ओततात, निवल्यावर माती फोडतात. तशीच दुसरी मूर्ती हवी, तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

बाराव्या शतकात कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’मध्ये हीच रीत नोंदवली आहे. मेण आधी तोलून घ्यावं आणि तांबं-पितळ त्याच्या आठपट घ्यावं, हा हिशेबही तिथे आहे. मराठीच्या जुन्या खुणा शोधायला आपण हा ग्रंथ चाळतो; ओतकामासाठीही तो चाळायला हवा.



एकदा फुटलेला साचा परत मिळत नाही, म्हणून हुबेहूब नक्कलही होत नाही. नवी मूर्ती नव्या हाताने घडते आणि तो हात ओळखता येतो. कुंभकोणमजवळच्या शिवपुरमची गोष्ट त्याच वाटेने जाते. १९५१ साली तिथे जमिनीत पुरलेल्या चोळकालीन मूर्ती सापडल्या. पुढे त्या डागडुजीसाठी एका स्थपतीकडे गेल्या आणि देवळात परत आल्या त्या प्रतिकृती. पूजाअर्चा सुरूच राहिली. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट मात्र याच काळातल्या मूर्तींचा अभ्यास करत होते. १९६५ मध्ये मुंबईहून निघालेल्या ‘अर्ली चोळा ब्रॉन्झेस’ या पुस्तकात त्यांनी देवळातला नटराज नक्कल असल्याचं आणि अस्सल खासगी हातांत असल्याचं लिहिलं. तो अस्सल नटराज मुंबईच्या संग्राहकांकडून फिरत १९७३ मध्ये नॉर्टन सायमन या अमेरिकी उद्योगपतीकडे पोहोचला. दावा झाला, तडजोड झाली आणि १९८६ मध्ये नटराज भारतात परतला.

घडवणारा हात ओळखायचा तर मूर्तीजवळ वाकून पाहावं ते दागिन्यांच्या कडेला. जुन्या कारागिरांनी वस्त्राच्या चुण्या, हारांचे मणी बहुतेक मेणातच पुरे केले. ती रेघ कडेला किंचित गोलावते. आज पुष्कळ नक्षी ओतल्यानंतर छिन्नीने निघते, ती रेघ धारदार असते. हा फरक वाचून कळत नाही. त्यासाठी स्वामीमलैत बसून मेणाची कांडी वळताना पाहावी लागते, आणि मूर्तींवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलीच पाहिजे.

डोळ्याच्या जोडीला प्रयोगशाळा आली. चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात १९३० साली रासायनिक जतनाची प्रयोगशाळा निघाली, एस. परमशिवन यांनी तिथे गंज चढलेल्या मूर्तींवर विजेच्या साहाय्याने उपचार केले. तिथली धातुमूर्तींची सूची १९३२ मध्ये टी. एन. रामचंद्रन यांच्यासोबत सिद्ध करणारे एफ. एच. ग्रेव्हली मुळात प्राणिशास्त्रज्ञ! कोळ्यांचे प्रकार लावणारी शिस्त देवांच्या कामी आली. पुढे शारदा श्रीनिवासन यांनी शंभराहून अधिक दक्षिणी मूर्तींमधला चिमूटभर धातू घेऊन तपासला आणि त्यांतल्या अनेक मूर्तींमधल्या शिशाची समस्थानिकं मोजली. वेगवेगळ्या खाणींच्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यावरून मूर्तींचे काळानुसार गट लागले.

लंडनच्या न्यायालयात तर वाळवीही कामाला आली. १९७६ मध्ये तमिळनाडूतल्या पत्तूरला सापडलेला नटराज लंडनला पोहोचला होता; त्याच्यावरची माती आणि वाळवीच्या खुणा त्याच ठिकाणच्या इतर मूर्तींशी ताडून पाहिल्या गेल्या. १९९१ मध्ये तो भारतात परत आला.

तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने त्याच राजवाड्यातलं कलादालन चुकवू नये. तिथे तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव आहे, इ. स. १०११ चा. जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला, उजवा हात नंदीवर सैल टेकलेला. नंदी केव्हाच हरवला आहे. हात अजून तसाच टेकलेला आहे.