खिशात मावेल, खिशाला परवडेल. पण हाताला पेलेल का?

१४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती कोटाच्या खिशात सहज लपेल अशा चिमुकल्या पिस्तुलातून. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांच्या कारखान्यातले ते पिस्तूल एकाच गोळीचे होते. पुढे त्यांचे नावच खिशातल्या पिस्तुलाला समानार्थी शब्द बनले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, पण लपवून बाळगता येईल अशा लहान शस्त्राचे अमेरिकी समाजाला असलेले आकर्षण ओसरलेले नाही. उलट, कायद्यांत झालेल्या बदलांमुळे आज तेथील शस्त्रबाजारातील ती मोठी उलाढाल ठरली आहे. साध्या नोकरदाराला परवडेल, कपड्यांखाली दिसणार नाही आणि वेळ पडल्यास दगा देणार नाही, असे पिस्तूल कोणते, हा प्रश्न तेथील लाखो ग्राहकांपुढे असतो. वरवर पाहता ही दुकानातली साधी खरेदी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात यंत्रशास्त्र, कायदा आणि घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असे तिन्ही धागे गुंतलेले आहेत.

कायदा बदलला, बाजार बदलला

कपड्याआड शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे हे पूर्वी बहुतेक राज्यांत अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही, असा कायदा केला आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये, इलिनॉयनेही परवान्याची सोय केली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा, खास कारण दाखविल्याशिवाय परवाना न देण्याचा नियम रद्द ठरविला आणि घराबाहेर शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा घटनात्मक हक्क असल्याचे स्पष्ट केले. दरम्यान अनेक राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली. २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना त्यांत सामील झाल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली. तेथे पात्र प्रौढ व्यक्ती कोणताही वर्ग न करता, एकदाही नेमबाजीची परीक्षा न देता पिस्तूल बाळगू शकते. याउलट न्यूयॉर्कने २०२२ नंतर १६ तासांचे वर्गशिक्षण आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव बंधनकारक केला.

पिस्तुलांच्या आकारावरही कायद्याचाच परिणाम झाला. १९९४ च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसे ठेवण्यास बंदी घातली. ती २००४ पर्यंत टिकली. पंधरा काडतुसे ठेवताच येणार नसतील तर मूठ एवढी मोठी कशाला, असा विचार करून कारखानदारांनी आकार घटविण्यास सुरुवात केली. परवानाधारकांची वाढती संख्या आणि ही मर्यादा, या दोन्हींतून आजचे आटोपशीर पिस्तूल घडले.

आकाराचे गणित

१९८८ मध्ये बाजारात आलेले ग्लॉक १९ हे मध्यम आकाराच्या पिस्तुलाचे प्रमाण मानले जाते. रिकाम्या अवस्थेत त्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम असते आणि त्यात १५ काडतुसे मावतात. जाड जाकिटाखाली ते लपते, उन्हाळ्यातल्या पातळ सदऱ्याखाली मात्र त्याची मूठ उठून दिसते. दुसऱ्या टोकाला २००८ मध्ये आलेले रुगर कंपनीचे एलसीपी आहे. त्याचे वजन जेमतेम पावशेराच्या घरात, सुमारे २७० ग्रॅम. पँटच्या पुढच्या खिशात ते पाकिटासारखे बसते.

या दोन टोकांच्या मध्ये खरी स्पर्धा आहे. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनने आणलेले शील्ड हे एक इंचाहून कमी जाडीचे, सात किंवा आठ काडतुसांचे पिस्तूल कमालीचे लोकप्रिय झाले. २०१८ मध्ये सिग सॉअरच्या पी ३६५ ने त्यावर मात केली. मॅगझिनमध्ये खाली दोन रांगांत असलेली काडतुसे वर येताना एका रांगेत येतील, अशी निमुळती रचना करून या कंपनीने तेवढ्याच जाडीत दहा काडतुसे बसविली. पुढे इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला.

लहान पिस्तूल बाळगण्यास सोपे असते, पण चालविण्यास तितकेच अवघड असते, हे मात्र पुष्कळ नवे ग्राहक विसरतात. गोळी पुढे जाताना पिस्तूल मागे उसळते आणि पिस्तूल जितके हलके तितका हा धक्का हाताला अधिक जाणवतो. आखूड मुठीवर करंगळी टेकत नाही, त्यामुळे पकड सैल पडते. नळी आखूड असल्याने नेमाच्या पुढच्या व मागच्या खुणांमधील अंतर कमी होते आणि नेम धरताना झालेली केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते. बोटभर लांबीचे पिस्तूल ‘नवशिक्यांसाठी’ किंवा ‘बायकांसाठी’ म्हणून पुढे करणारा दुकानदार म्हणूनच चुकीचा सल्ला देत असतो. ते खरे तर सरावलेल्या हाताचे शस्त्र आहे.

काडतूस कोणते?

किमतीच्या आणि आकाराच्या पाठोपाठ येतो तो काडतुसाचा प्रश्न. खिशातल्या पिस्तुलांत मुख्यत्वे दोन काडतुसे आढळतात. १९०२ च्या सुमारास जर्मनीत गेओर्ग लुगर यांनी सिद्ध केलेले ९ मिलिमीटरचे आणि १९०८ मध्ये अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेतून आलेले .३८०. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच. पहिल्याचे पितळी आवरण १९ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्याचे १७. दोन मिलिमीटरच्या या फरकापाठी दारूचे प्रमाण व दाब यांत मोठा फरक पडतो. .३८० चा धक्का सौम्य, पण जोरही कमी. शिवाय खप कमी असल्याने ते काडतूस बहुधा महागच पडते. ९ मिलिमीटरचे काडतूस पोलीस, सैन्य आणि नागरिक या सर्वांत रूढ असल्याने स्वस्त व सर्वत्र मिळणारे आहे.

हाताला संधिवात असलेल्या वा मनगटात जोर कमी असलेल्या व्यक्तीला पिस्तुलाची वरची सरक मागे खेचणेच कठीण जाते. अशांसाठी सरक हलक्या हाताने ओढता येईल अशी .३८० ची पिस्तुले २०१८ पासून निघाली आहेत. पाच गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हर हा जुना पर्याय आहे. त्याला सरक नाही, पण त्याचा चाप लांब आणि जड असतो.

स्वस्त आणि निकृष्ट

स्वस्त पिस्तुलाला अमेरिकेत एक काळा इतिहास आहे. १९६८ च्या संघीय कायद्याने परदेशांतून येणाऱ्या हलक्या, लहान पिस्तुलांवर निर्बंध घातले. देशांतर्गत उत्पादन मात्र मोकळे राहिले. ही पोकळी हेरून १९७० नंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात जस्तमिश्रित धातूच्या ओतकामातून अत्यंत स्वस्त पिस्तुले बनविणारे कारखाने उभे राहिले.

त्यांपैकी ब्रायको आर्म्स या कंपनीची कथा प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात घरातला एक परिचित तरुण या कंपनीचे पिस्तूल रिकामे करीत होता. त्या पिस्तुलाची रचनाच अशी होती की, आतले काडतूस काढण्यासाठी आधी सुरक्षा-खटका बंद करावा लागे. गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा पांगळा झाला. २००३ मध्ये ज्यूरीने सदोष रचनेबद्दल कंपनीलाही जबाबदार धरले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली.

याचा अर्थ स्वस्त ते सारे वाईट असा नाही. पॉलिमरचा सांगाडा आणि संगणक-नियंत्रित यंत्रे यांमुळे उत्पादनखर्च खूप उतरला. ब्राझीलच्या टॉरस कंपनीची जी २ सी, जी ३ सी किंवा रुगरचे ईसी ९ एस ही पिस्तुले तीनशे डॉलरच्या आसपास मिळतात आणि अनेकांच्या हाती ती नीट चालतात. ग्लॉक किंवा सिगच्या पिस्तुलाला पाचशे डॉलर वा त्याहून अधिक मोजावे लागतात. हाय-पॉइंटसारखी आणखी स्वस्त पिस्तुलेही आहेत. मात्र त्यांत नळी व सरक एकमेकांत अडकवून ठेवणारी रचना नसते. गोळीचा दाब केवळ सरकेच्या वजनाने पेलायचा असल्याने ती सरक जाडजूड ठेवावी लागते. पैसा वाचतो, पण पिस्तूल लपत नाही.

नामांकित कंपनी म्हणजे निर्दोष माल, असेही समजू नये. रुगरने २००८ मध्ये बाजारात आणलेली एलसीपी पिस्तुले कठीण पृष्ठभागावर पडल्यास गोळी सुटू शकते, असे आढळल्याने त्याच वर्षी परत बोलावली होती. येथे एक विचित्र वास्तव लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेत खेळण्यांपासून पाळण्यांपर्यंतच्या वस्तू सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणारा संघीय आयोग आहे, परंतु बंदुका व काडतुसे त्याच्या अधिकारकक्षेबाहेर ठेवलेली आहेत. सदोष पिस्तूल परत बोलावण्याचा निर्णय प्रायः कंपनीच घेते. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये पिस्तूल पाडून पाहण्याची चाचणी बंधनकारक करतात. इतरत्र चौकशीचे ओझे ग्राहकाच्याच शिरावर आहे.

निवडताना काय पाहावे?

जाणते प्रशिक्षक सांगतात ते सूत्र साधे आहे. कपड्याआड लपेल असे सर्वांत लहान पिस्तूल घेऊ नये. लपेल अशांपैकी त्यातल्या त्यात मोठे घ्यावे. खरेदीपूर्वी नेमबाजीच्या केंद्रात दोन-तीन नमुने भाड्याने घेऊन प्रत्यक्ष चालवून पाहावेत. चापापर्यंत बोट सहज पोहोचते का, सरक मागे ओढता येते का, पाच गोळ्या झाडल्यावर पुढची गोळी झाडावीशी वाटते की हात दचकतो, हे तेथेच कळते. पिस्तूल पडल्यास फायरिंग पिन पुढे जाऊ न देणारा अंतर्गत अडसर आहे की नाही, हे विचारावे. त्या नमुन्याची पिस्तुले कधी परत बोलावली गेली होती का आणि हाती आलेले पिस्तूल त्या क्रमांकांत बसते का, हे कंपनीकडून पडताळून घ्यावे. पैसे बेताचे असतील, तर पोलीस दलांनी बदलून टाकलेली वापरलेली पिस्तुले हा चांगला पर्याय असतो. त्यांचा बाहेरचा रंग उडालेला असतो, पण गोळ्या फारशा झाडलेल्या नसतात.

किमतीची पाटी हा खर्चाचा केवळ आरंभ असतो. चाप पूर्णपणे झाकणारे, ताठ होल्स्टर ही चैनीची बाब नव्हे. किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर खिशात टाकलेले पिस्तूल धन्यालाच जखमी करते. जादा मॅगझिन, कुलूपबंद पेटी, प्रशिक्षणाचे शुल्क हे ओघानेच आले. सरावाचे ९ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण २५ ते ३० सेंटना पडते, असे धरले तरी पहिल्या पाचशे गोळ्यांना सव्वाशे ते दीडशे डॉलर लागतात. तीनशे डॉलरचे पिस्तूल घेताना आणखी तीनशे डॉलर बाजूला ठेवता येत नसतील, तर ते पिस्तूल परवडते असे म्हणता येणार नाही.

घराच्या आतला धोका

रस्त्यावरच्या अनोळखी हल्लेखोराची भीती माणसाला दुकानात नेते. आकडे मात्र वेगळीच दिशा दाखवितात. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४७ हजार मृत्यू झाले. त्यांपैकी २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. अर्थात, घरात आणलेले शस्त्र निराशेच्या एखाद्या क्षणी घरातल्याच माणसाच्या हाती लागण्याचा धोका मोठा असतो. कमरेचे पिस्तूल रात्री उशाखाली वा कपाटात उघडे ठेवण्याची सवय लहान मुलांच्या घरात जीवघेणी ठरते. बोट लावताच उघडणारी लहान तिजोरी ही म्हणूनच खरेदीच्या यादीत पिस्तुलाच्या खाली नव्हे, त्याच्या शेजारी असावी.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, पिस्तूल किंवा काडतुसे विकत घेण्यास व जवळ बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. राज्यात परवान्याची अट नाही, म्हणून ही मनाई संपत नाही. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ती लागू नाही.

भारतातली स्थिती याच्या नेमकी उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार येथे आधी परवाना आणि मग शस्त्र, हा क्रम आहे. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही अट घातली. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने परवानाधारकाची निवड बहुधा .३२ च्या पिस्तूल वा रिव्हॉल्व्हरपुरती उरते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून काढलेल्या ‘निर्भीक’ या अर्धा किलो वजनाच्या रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हा सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. येथे किंमत आणि कायदा हे दोन्ही दरवाजे आधीच अडवून उभे आहेत.

अमेरिकेत ते दोन्ही दरवाजे आज बऱ्याच अंशी उघडे आहेत. त्यामुळे आवर घालण्याचे काम ग्राहकाच्या विवेकावर येऊन पडते. पिस्तूल आठवड्याच्या पगारात येते आणि खिशातही मावते. ते हाताला पेलवण्यास लागणारे महिने आणि ते रोज कुलपात ठेवण्याची शिस्त कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यांची तयारी नसलेल्या घरात स्वस्तातले पिस्तूलही फार महाग पडू शकते.